पटत नाही ती भूमिका, आणि क्रोएशियाचे नट

अगं,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. खरं तर मेसेजनेच उत्तर देणार होतो पण मला फोनशी एकट्याने बोलायला जमत नाही, कुणीतरी समोर हुं हुं करायला लागतं, म्हणून टाइप करतोय. लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

दोन गोष्टी विचारल्यास. एक म्हणजे एकांकिकेत तुला ती आई दिलीय, पळून जाऊन लग्न केलेल्या मुलीवर खोटी केस टाकणारी, जातीचं नाक वर करून बोलणारी, आणि तू म्हणतेस की सर मला ही बाई पटतच नाही, मी ज्याच्या विरुद्ध रोज स्टोऱ्या टाकते नेमकं तेच ही बोलते, कशी करू. आणि दुसरं, जरा चिडूनच, की अ‍ॅक्टिंगसाठी काय बघू विचारलं की सगळे इराण सांगतात, कोरिया सांगतात, तुम्हीच एकटे क्रोएशिया क्रोएशिया काय करता, मी एक लावला आणि वीस मिनिटांत झोपले.

झोपलीस ते ठीक आहे, मीही काही क्रोएशियन सिनेमांना झोपलोय आणि त्यातले एकदोन झोपायच्याच लायकीचे होते. पण तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर माझ्याकडे एकच आहे, म्हणून ते एकत्रच देतो.

आधी थोडं बॅकग्राउंड, कंटाळू नकोस. क्रोएशिया म्हणजे जेमतेम 39 लाखांचा देश, पुणे आणि आजूबाजूचा भाग धरला तर आपणच त्यांच्यापेक्षा जास्त भरू. 1991 पर्यंत हा युगोस्लाव्हियाचा भाग. तेव्हा झाग्रेबचा (म्हणजे क्रोएशियाच्या राजधानीतला) नट बेलग्रेडच्या (म्हणजे सर्बियाच्या राजधानीतल्या) सिनेमात, बेलग्रेडची नटी झाग्रेबच्या सिनेमात, बोस्नियातल्या सारायेव्होचा दोन्हीकडे, असं चालायचं, कुणाला त्यात काही वाटायचं नाही. मग देश फुटला, 1991 ते 1995 क्रोएट आणि सर्ब यांच्यात युद्ध झालं, आणि कालपर्यंत एका मेकअप रूममध्ये बसणारी माणसं अचानक दोन बाजूंची झाली. आता गंमत अशी की युद्धानंतर सिनेमे परत बनायला लागले, देश छोटे, पैसे कमी, म्हणून बरेचसे दोनतीन देशांनी मिळून काढलेले, नटही तेच इकडून तिकडे जाणारे. त्यामुळे तिथे कुणी कुठली भूमिका करतोय याला आपोआप एक जास्तीचा अर्थ येतो. पडद्यावर क्रोएशियन राष्ट्रवादी असतो आणि तो करणारा नट असतो सर्बियाच्या रंगभूमीवरचा, आणि थिएटरातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. नटाला ते ओझं घेऊनच उभं राहावं लागतं. म्हणून मी तुला तिकडे पाठवतो. पटत नसलेल्या माणसाच्या आत कसं शिरायचं याचे इतके धडे एका ठिकाणी मला दुसरीकडे सापडले नाहीत.

'झ्विझ्दान' घे. दालिबोर मातानिचचा, 2015 चा, कान महोत्सवात 'अँ सर्तँ रगार' विभागात ज्युरीचा पुरस्कार मिळालेला. तीन गोष्टी आहेत, 1991, 2001 आणि 2011 मधल्या. शेजारशेजारची दोन गावं, एक सर्बांचं एक क्रोएटांचं, आणि प्रत्येक वेळी एक मुलगी तिकडची एक मुलगा इकडचा. आणि तिन्ही जोड्या केल्यात त्याच दोघांनी, तिहाना लाझोविच आणि गोरान मार्कोविच. (याच नावाचा एक म्हातारा सर्बियन डायरेक्टर आहे, सर्च करताना गोंधळ होईल, हा नट वेगळा.) आता डबल रोल ट्रिपल रोल म्हटलं की आपल्याला विग आणि मिशा आठवतात. इथे तसं काही नाही. चेहरा तोच, उन्हाळा तोच, पाणी तेच, आणि तरी दुसऱ्या गोष्टीतली मुलगी पहिल्या गोष्टीतली नाहीये हे तुला पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

ती मधली गोष्ट मात्र नीट बघ, बाकीचं पळवलंस तरी चालेल. 2001. युद्ध संपलंय, आई आणि मुलगी आपल्या फुटक्या घरात परत राहायला आल्यात. मुलीचा भाऊ युद्धात गेलाय. आणि घर दुरुस्त करायला जो मिस्त्री येतो तो 'त्या' बाजूचा. आईला घर उभं राहायला हवंय, ती त्याच्याशी नीट वागते. मुलगी, म्हणजे लाझोविच, जवळपास बोलतच नाही. तो ठोकतो, घासतो, रंधा मारतो, आणि ती त्याच घरात वावरत राहते. तू तिचं फक्त चालणं बघ. त्याच्या बाजूने जाताना ती किती अंतर ठेवते, कधी ते अंतर उगाच कमी करते, कधी भांडं जरा जोरात ठेवते. द्वेष आणि ओढ एकाच वेळी करायचं असं स्क्रिप्टमध्ये लिहिलं असेल तर आपल्याकडचे नव्वद टक्के लोक चेहऱ्यावर दोन्ही आळीपाळीने दाखवतील, आधी भुवया मग ओठ. ती दाखवतच नाही काही. ती फक्त त्याला घरात सहन करते, आणि सहन करण्याची जी मेहनत आहे ती शरीरात दिसते. 2016 ला बर्लिनला युरोपातल्या उगवत्या नटांच्या 'शूटिंग स्टार्स'मध्ये तिची निवड झाली, ते उगाच नाही.

आणि हे लक्षात घे की लाझोविच स्वतः क्रोएशियन, आणि तिन्ही वेळा तिने सर्ब मुलगी केलीय. ज्यांच्याशी युद्ध झालं त्यांच्यातली. तिने कुठेही 'बघा हीसुद्धा माणूसच आहे हो' असं आपल्याला समजावून सांगितलेलं नाही. हा तुझ्यासाठी महत्त्वाचा भाग आहे. पात्राची वकिली करणं हा पण एक प्रकारचा त्याच्यापासून लांब राहण्याचाच मार्ग असतो.

आता दुसरा, आणि तुझ्या त्या आईसाठी मला सगळ्यात जास्त हाच दाखवायचाय. रायको ग्र्लिचचा 'उस्ताव रेपुब्लिके ह्र्वात्स्के', म्हणजे क्रोएशियाच्या राज्यघटनेच्या नावाचाच सिनेमा, 2016 चा. माँट्रियलच्या महोत्सवात त्याला मुख्य बक्षीस मिळालं. गोष्ट एका बिल्डिंगची. वर राहतो व्येको, शाळामास्तर, कडवा राष्ट्रवादी, सर्बांचं नाव काढलं तरी अंगावर काटा येणारा. घरात अंथरुणाला खिळलेला बाप, जो दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशांपैकी, म्हणजे तिथल्या फॅसिस्टांपैकी. आणि हाच मास्तर रात्री बायकांचे कपडे घालून, लिपस्टिक लावून शहरात फिरायला निघतो, त्याचा जोडीदार वारलाय, तो पुरुष होता. एका रात्री काही पोरं त्याला बेदम मारतात. हॉस्पिटलात त्याची काळजी घेते ती नर्स त्याच बिल्डिंगमध्ये खाली राहणारी, माया. ती पुढेही घरी येऊन त्याचं बघते आणि बदल्यात सांगते की माझ्या नवऱ्याला शिकव. नवरा आंते पोलीस आहे, नोकरीसाठी त्याला राज्यघटनेची परीक्षा द्यायचीय, वाचताना अक्षरं नाचतात त्याच्या डोळ्यांपुढे, आणि तो आहे सर्ब वंशाचा.

म्हणजे बघ, सर्बांचा द्वेष करणारा मास्तर एका सर्बाला क्रोएशियाची घटना पाठ करून देतोय, कलम बाय कलम, समानतेचं कलमसुद्धा. लेखकाने एवढं करून ठेवल्यावर नटाला वाटेल की आता आपण टाळ्या घेऊ. पण मास्तर केलाय नेबोयशा ग्लोगोवात्सने, आणि तो बेलग्रेडच्या रंगभूमीवरचा मोठा नट, सर्ब. म्हणजे ज्याच्या लोकांबद्दल तो पात्र म्हणून घाण बोलतोय ते त्याचेच लोक. आणि तो ते बोलताना एकदाही डोळा मारत नाही गं. एकदाही आपल्याला कळवत नाही की मी असा नाही हं. शिव्या देतानाही तो थकलेल्या, सुशिक्षित, भाषेचा अभिमान असलेल्या मास्तरासारखा देतो, जणू काही व्याकरणाची चूक दाखवतोय. आणि तोच माणूस आरशासमोर बसून कानातलं घालतो तेव्हा त्याचे खांदे खाली येतात. दिवसभर ते वर ओढलेले असतात, कॉलर आवळल्यासारखे, आणि त्या एका वेळेला सैल. एवढंच. मी तो सीन क्लासमध्ये दाखवतो तेव्हा आवाज म्यूट करून दाखवतो.

ग्लोगोवात्स 2018 च्या फेब्रुवारीत गेला, पन्नाशीही झाली नव्हती. ही त्याच्या शेवटच्या मोठ्या भूमिकांपैकी एक.

आता तुझ्या एकांकिकेतल्या आईकडे ये. तू म्हणालीस ना की ती बाई चुकीची आहे हे प्रेक्षकांपर्यंत पोचलं पाहिजे. ते पोचवायचं काम लेखकाचं आहे, आणि नाटक बरं असेल तर ते काम आधीच झालेलं आहे. तू स्टेजवर उभी राहून परत तेच केलंस तर प्रेक्षकाला करायला काही उरत नाही. तुझं काम ती बाई सकाळी उठल्यावर स्वतःला कोण समजते ते शोधायचं. ती स्वतःला खलनायिका समजत नाही, ती स्वतःला फसवली गेलेली आई समजते. तिचे खांदे कशाने वर ओढलेत ते शोध, आणि दिवसात कधी खाली येतात तेही शोध, मुलीचा जुना ड्रेस घडी घालताना येत असतील, किंवा उलट तेव्हाच जास्त वर जात असतील, मला काय माहीत, तू शोध. आपल्या निळूभाऊ फुल्यांचंच बघ की, आयुष्यभर सेवा दलाच्या विचारांचा माणूस, आणि पडद्यावर सरपंच पाटील असे केले की गावोगावच्या बायका खरोखर बोटं मोडायच्या. त्यांनी कधी मध्ये थांबून मी चांगला आहे हो असं सुचवलं का?

बरं, ती माया केलीय क्सेनिया मारिन्कोविचने. ही बाई मला फार आवडते, उघड पक्षपात समज. त्याच वर्षी, 2016 लाच, तिने झ्रिन्को ओग्रेस्ताच्या 'स ओने स्त्राने'मध्ये पण नर्सच केली, वेस्ना नावाची, झाग्रेबमध्ये घरोघर जाऊन पेशंट बघणारी. आता दोन नर्स, एक वर्ष, एकच नटी, पन्नाशीची साधी बाई, ग्लॅमर शून्य. मला सांग आपण काय केलं असतं? एकीला चष्मा दिला असता. तिने काय केलंय ते दोन्ही पाठोपाठ बघितलंस तर कळेल, माया सतत दुसऱ्याच्या घरात शिरणारी आहे, दार वाजवलं न वाजवलं की आत, हात आधी पुढे जातात, आणि वेस्ना स्वतःच्याच घरात पाहुणी असल्यासारखी वावरते. कारण वेस्नाचा नवरा युद्धात सर्बांच्या बाजूने लढायला गेला, तिने पोरांना घेऊन शहर बदललं, सगळं पुरलं, आणि वीस वर्षांनी त्याचा फोन येतो. फोनवरचा आवाज आहे लाझार रिस्तोव्स्कीचा, हाही सर्बियाचा दिग्गज.

जवळपास अर्धा सिनेमा म्हणजे ही बाई आणि कानाला फोन. कॅमेरा बरेचदा लांब, मध्ये दाराची चौकट, काच, कुणाची तरी पाठ. म्हणजे क्लोजअपची मदतसुद्धा तिला सारखी नाही. आणि आपल्याकडे फोनचा सीन म्हणजे काय असतं, 'हॅलो... हां... काय? कधी?' आणि डोळे मोठे. मारिन्कोविच फोनवर ऐकते. खरोखर ऐकते, समोरच्याचं वाक्य संपायच्या आधी तिचं उत्तर तयार नसतं. पहिल्या कॉलला ती उभी आहे की बसलीय, पाचव्या कॉलला कशी बसलीय, आवाज किती खाली आलाय, घरात कुणी आलं की फोन कुठल्या हातात जातो, हे लिहून काढ. कॉलेजच्या जर्नलसारखं लिहू नको, नुसतं टिपून ठेव. शेवट सांगत नाही, पण शेवट कळल्यावर तू परत पहिल्यापासून बघशील, ही माझी गॅरंटी.

याच जातीचं अजून एक काम आहे, ओग्नेन स्विलिचिचच्या 2014 च्या 'ताक्वा सु प्रावीला'मध्ये. झाग्रेबमधला बस ड्रायव्हर आणि त्याची बायको, साधी माणसं, पोराला कुणीतरी मारहाण करतं आणि सगळे, डॉक्टर पोलीस शाळा, आपापले नियम सांगत राहतात. एका खऱ्या घटनेवरून सुचलेला. बाप केलाय एमिर हाजिहाफिझबेगोविचने, आई यास्ना झालिचाने, दोघंही बोस्नियाचे. व्हेनिसला ओरिझोंती विभागात त्याला नटाचं बक्षीस मिळालं. यात भडकणं इतकं उशिरा येतं की आपणच खुर्चीत अस्वस्थ होतो, अरे ओरड ना बाबा. तो ओरडत नाही कारण त्याला आयुष्यभर रांगेत उभं राहायची सवय आहे.

गोरान मार्कोविच, तो 'झ्विझ्दान'वाला, त्याचं खरं मोठं काम नंतर आलं. 'सिगुर्नो म्येस्तो', 2022. युराय लेरोतिचचा पहिला सिनेमा, स्वतःच्या घरातल्या घटनेवरून लिहिलेला, आणि त्यात स्वतःची भूमिका त्याने स्वतःच केलीय. भाऊ आत्महत्येचा प्रयत्न करतो, आणि हा आणि आई त्याला वाचवायला धावतायत, एका दिवसाची गोष्ट. मार्कोविच म्हणजे तो भाऊ. लोकार्नो महोत्सवात पहिल्या सिनेमाचं बक्षीस, दिग्दर्शनाचं बक्षीस आणि मार्कोविचला नटाचं. आता विचार कर, समोर जो माणूस उभा आहे त्याच्या सख्ख्या भावाची भूमिका तुला करायचीय, आणि तोच डायरेक्टर आहे. दुःख दाखवायची केवढी ओढ होईल. मार्कोविच त्या भावाला दुःखी करतच नाही, तो त्याला आज्ञाधारक करतो. विचारलं की उत्तर देतो, बस म्हटलं की बसतो, आणि तो तिथे नाहीच आहे हे फक्त आपल्याला आणि त्या दोघांना दिसतं, डॉक्टरांना दिसत नाही. हा मात्र तू एकटीने रात्री बघू नकोस, सिरियसली सांगतोय, दिवसा बघ, घरी कुणी असताना, आणि मूड खराब असेल त्या आठवड्यात बघूच नकोस. अ‍ॅक्टिंगसाठी एवढंही अर्जंट काही नसतं.

तू म्हणशील सगळं रडगाणंच आहे का. बरंचसं आहे, खोटं कशाला बोलू. आणि नव्वदच्या दशकात तर त्यांनी असे देशभक्तीचे सिनेमे काढले की त्यातला शत्रू म्हणजे पुठ्ठ्याचा, दाढी वाढवून दारू पिणारा, आणि त्यांचेच समीक्षक आणि प्रेक्षक त्यावर हसले. म्हणजे ग्लोगोवात्स आणि लाझोविच आकाशातून पडले नाहीत, आधी तसं वाईट काम भरपूर झालं, लोक कंटाळले, मग हे आले. त्यातला एखादा मिळाला तर तोही जरूर बघ, तुझी ती आई आज तालमीत जशी होतेय तशीच माणसं त्यात आहेत. रागावू नकोस.

जुनं काही बघायचं असेल तर 'हा-8', 1958, निकोला तान्होफरचा. 1957 मध्ये झाग्रेब-बेलग्रेड हायवेवर खरा अपघात झाला होता, ओव्हरटेक करणाऱ्या एका गाडीमुळे बस आणि ट्रक समोरासमोर, आणि तो गाडीवाला पळून गेला. सिनेमा सुरुवातीलाच सांगून टाकतो की अपघात होणार, आणि कुठल्या सीटवरचे मरणार. आणि मग आत प्रवासी जागा बदलत राहतात. आपण बाहेर बसून जीव मुठीत धरतो आणि आतली माणसं मात्र लग्नाबद्दल, नोकरीबद्दल, फुटकळ काहीतरी बोलतायत. नटासाठी यात काय आहे तर न माहीत असणं. तुला स्क्रिप्टचं शेवटचं पान माहीत असतं आणि ते तुझ्या चेहऱ्यावर पहिल्या एंट्रीपासून दिसतं, हे मी तुला गेल्या नाटकात पण बोललो होतो.

आणि 'रोंदो', 1966, झ्वोनिमिर बेर्कोविचचा. शिल्पकार, त्याची बायको, आणि दर रविवारी बुद्धिबळ खेळायला येणारा एक जज्ज. रविवार जातात, डाव मांडले जातात, आणि काय होतंय ते तिघांनाही कळतंय. मिलेना द्राविच, स्तेवो झिगोन, रेल्या बाशिच. द्राविच बेलग्रेडची, बाशिच झाग्रेबचा, तेव्हा हे कुणाला सांगायचीही गरज नव्हती.

आणि त्यानंतर काय झालं ते तुला माहीत असावं असं मला वाटतं, कारण अ‍ॅक्टिंग क्लासमध्ये ते कुणी सांगत नाही. मिरा फुर्लान नावाची नटी होती, झाग्रेबची, त्या काळातली स्टारच, कान जिंकलेल्या 1985 च्या 'ओतात्स ना स्लुझ्बेनोम पुतू'मध्ये होती. 1991 ला देश फुटत असताना ती दोन्ही शहरांत नाटकं करत राहिली. तिचं म्हणणं साधं होतं की मी दोन्हीकडची नटी आहे. झाग्रेबच्या पेपरांनी तिला देशद्रोही ठरवलं, फोनवर धमक्या, थिएटरमधली नोकरी गेली. त्याच वर्षी ती अमेरिकेला गेली आणि तिथे शून्यापासून सुरू केलं, 'बॅबिलॉन 5' आणि 'लॉस्ट' या सिरियल्स बघितलेल्यांना तिचा चेहरा माहीत असेल पण ती कोण होती हे माहीत नसेल. रादे शेर्बेजिया पण तसाच, क्रोएशियातल्या लिका भागातला सर्ब, झाग्रेबचा मोठा नट, तोही बाहेर गेला, हॉलिवूडमध्ये त्याला मुख्यतः रशियन गुंड मिळाले. पण त्याने 2001 मध्ये पुला शहराजवळच्या ब्रियुनी बेटांवर युलिसिस नावाचं थिएटर सुरू केलं, स्वतः किंग लियर केला, आणि पुढच्या वर्षी तिथे 'मिडिया' या ग्रीक नाटकातली मिडिया करायला कोण आली तर मिरा फुर्लान. अकरा वर्षांनी परत, आणि भूमिका कुठली, तर ज्या नवऱ्यासाठी आपला देश सोडला त्यानेच टाकलेल्या आणि शहरातून हाकललेल्या बाईची. कुणाला सुचलं असेल काय माहीत, मला ते कास्टिंग नाही तर हिशोब वाटतो. 2021 च्या जानेवारीत ती गेली.

बोरिस द्वोर्निक आणि बाता झिवोयिनोविच हे दोघं तर युगोस्लाव्हियाचे जय-वीरू. एक स्प्लिटचा, एक बेलग्रेडचा. युद्धात मैत्री तुटली, जाहीर पत्रं लिहिली एकमेकांना, आणि परत बोलले ते थेट 2006 ला. द्वोर्निक 2008 ला गेला. दोनच वर्षं मिळाली.

हे सगळं सांगायचं कारण, तू म्हणतेस ना पटत नसलेल्या बाजूची भूमिका केली तर लोक मलाच तशी समजतील. समजतील काही जण. तुझी एकांकिका करंडकाच्या प्राथमिक फेरीत आहे, तुला कुणी देशाबाहेर काढणार नाहीये, तेव्हा जरा प्रमाणात घे.

आता शेवटचा, आणि हा फक्त चौदाएक मिनिटांचा आहे म्हणून आज रात्रीच बघून टाक. नेबोयशा स्लियेप्चेविचची शॉर्टफिल्म, 'चोव्येक कोयी निये मोगाओ शुत्येती', गप्प बसू न शकलेला माणूस. 2024 ला कानमध्ये शॉर्टफिल्मचा पाम दोर, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, मग ऑस्करचं नॉमिनेशन. 27 फेब्रुवारी 1993, बेलग्रेडहून मॉन्टेनेग्रोतल्या बार शहराला जाणारी ट्रेन, श्त्रप्त्सी नावाच्या ठिकाणी बंदूकवाले ती अडवतात आणि नावं बघून मुस्लिम प्रवाशांना खाली उतरवतात. उतरवलेले परत आले नाहीत. अख्ख्या गाडीतून विरोधाला उभा राहिला तो तोमो बुझोव, सैन्यातून निवृत्त झालेला क्रोएट. त्यालाही नेलं. हे खरं घडलेलं आहे.

आता तू डायरेक्टर असतीस तर कॅमेरा कुणावर ठेवला असतास? बुझोववर, साहजिक. स्लियेप्चेविचने ठेवलाय डब्यातल्या दुसऱ्याच एका माणसावर, जो आधी घाबरलेल्या पोराला धीर देतो, काही होणार नाही म्हणतो, आणि वेळ आल्यावर गप्प बसतो. तो केलाय गोरान बोग्दानने, आज तिकडच्या सगळ्यात मोठ्या नटांपैकी एक, 'फार्गो'च्या तिसऱ्या सीझनमध्ये पण होता. बुझोवच्या भूमिकेत द्रागान मिचानोविच, सर्बियाचा. म्हणजे क्रोएट हिरो केलाय सर्ब नटाने, आणि क्रोएशियाच्या स्टारने घेतलीय गप्प बसणाऱ्याची भूमिका.

दोनदा बघ. पहिल्यांदा नुसती बघ. दुसऱ्यांदा बंदूकवाला डब्यात आल्यापासून फक्त बोग्दानकडे बघ, दुसऱ्या कुणाकडे नाही. तो भित्रा दिसायचा प्रयत्न करत नाही. उलट तो सतत बोलायच्या बेतात असतो, तोंड उघडायच्या जेमतेम आधी थांबलेला, आणि ते बोलणं बाहेर येत नाही. मग बुझोव उठतो तेव्हा बोग्दानच्या चेहऱ्यावर सुटका आहे की लाज आहे, मी अजून ठरवू शकलेलो नाही, आणि मला वाटतं त्यानेही ते ठरवू दिलेलं नाही.

कुठे बघायचे म्हणशील तर सगळे एका ठिकाणी मिळणार नाहीत, प्लॅटफॉर्मवर येतात जातात, पुण्याचा पिफ आणि गोव्याचा इफ्फी या महोत्सवांच्या शेड्यूलमध्ये बाल्कन देशांची नावं दिसली की पहिल्याच दिवशी मार्क करून ठेवत जा, रांगेत धक्के खायची तयारी ठेव. सबटायटल्स लागतील पण दुसऱ्यांदा बघताना बंद कर. डबिंग मिळालं तर घेऊच नकोस. 'मुरिना' बहुतेक तुला सगळ्यात आधी मिळेल कारण त्यामागे मार्टिन स्कॉर्सेसी कार्यकारी निर्माता म्हणून होता त्यामुळे जगभर फिरला. आंतोनेता आलामात कुसियानोविचचा, 2021 ला कानमध्ये पहिल्या सिनेमाला देतात तो कॅमेरा दोर मिळाला. समुद्र, बेट, वयात आलेली मुलगी आणि दाबून ठेवणारा बाप. सगळे मुलीचं कौतुक करतात, ग्रात्सिया फिलिपोविच, आणि ते रास्तच आहे, पण तू बापाला बघ, लेओन लुचेव. श्रीमंत पाहुण्याला जमीन विकायचीय म्हणून त्याच्याशी गोड, आणि तेच वाक्य संपायच्या आत बायकोकडे मुलीकडे वळला की वेगळाच. तो बाप स्वतःला चांगला बाप समजतो, हेही बघ.

बघून झाला की मला स्टोरी सांगत बसू नकोस, स्टोरी मला माहितीय. पाहुणा समोर असताना लुचेवचे हात कुठे असतात आणि पाहुणा उठून गेल्यावर कुठे जातात, तेवढंच लिहून पाठव.

तुझा,
सर